तेल बघावं, तेलाची धार बघावी

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी पुण्याहून मुलाचा फोन आला. म्हणाला, "आई, माझा जीनचा रिपोर्ट आला."

आता आमच्या मारेगावात जीन म्हटलं की डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते. कापसाचं जीन. दिवाळी झाली की गाड्या भरभरून कापूस जिनात जातो, रुई एकीकडे पडते, सरकी दुसरीकडे. मी म्हटलं, "तू कधीपासून कापूस विकायला लागलास रे?" तो हसला. म्हणाला, "ते नाही गं आई. जनुक. नळीत थुंकी भरून पाठवली होती, त्याचा रिपोर्ट."

तशी जनुक म्हणजे काय याची मला अगदीच कल्पना नाही असं नाही. २००२ साली बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली, तेव्हापासून हा शब्द इथल्या शेतकऱ्यांच्याही कानावरून गेला आहे. पण बियाण्यातलं जनुक वेगळं आणि पोटच्या पोराचं जनुक वेगळं. त्याने रिपोर्ट वाचून दाखवला. एफएबीपी-२ नावाचं काहीतरी जनुक. त्याच्या दोन्ही प्रतींमध्ये बदल. आहारातली चरबी सोसण्याची क्षमता: कमी. जोखीम: जास्त. शेजारी लाल ठिपका.

मग जरा थांबून त्याने विचारलं, "आई, हे बाबांकडून आलं असेल ना?"

मी उत्तर दिलं नाही. पुढे कधीतरी बोलू म्हणाले आणि फोन ठेवला.

आमचे हे २०११ साली गेले. वय ६२. हृदयविकाराचा झटका. वजन कधी ५५ किलोच्या वर गेलं नाही, पोट म्हणावं तर नावालाच. दाराशी जमलेली माणसं एकच विचारत होती, "गुरुजी त एवढे सुकडे होते बाई, त्यायले कसा काय अटॅक आला?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता चौदा-पंधरा वर्षांनी एका लाल ठिपक्याच्या रूपाने ते घरी चालत आलं की काय, असं मला क्षणभर वाटलं. खरं सांगते, थोडं हलकंही वाटलं. का, ते पुढे सांगते.

चार दिवसांनी कळलं की मुलाने आणि सुनेने नातीच्या ताटातलं तूप बंद केलं आहे. नात नऊ वर्षांची. वरणभातावर तूप नाही, भाजी पाण्यावर परतलेली, शेंगदाण्याची चटणी बंद. बापाच्या दोन्ही प्रतींत बदल आहे म्हणजे लेकीकडे एक तरी असणारच, हा त्यांचा हिशोब. हिशोब बरोबर आहे. पण त्यावरून काढलेला निकाल मला बरोबर वाटत नाही, म्हणून हा लेख.

मी डॉक्टर नाही. नागपूर विद्यापीठाची बी.ए., उभं आयुष्य मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेलं. पण माझा एक जुना विद्यार्थी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. त्याला गाठलं. तो दोन दुपारी वही-पेन घेऊन बसला आणि बाईंना विद्यार्थी केलं. त्यानंतर मीही जमेल तसं वाचलं. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते.

आपण भाकरीवर तेलाची धार सोडतो. ते तेल पोटात गेलं म्हणजे रक्तात गेलं असं नाही. आधी पित्त त्याचे बारीक बारीक थेंब करतं. मग स्वादुपिंडाचा रस त्याचे तुकडे पाडतो. या तुकड्यांतली मुख्य म्हणजे मेदाम्लं. ती आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत शिरतात. इथे अडचण येते. पेशीच्या आत सगळा पाण्याचा कारभार, आणि तेलाचं न् पाण्याचं जमत नाही हे तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक. मग त्या मेदाम्लाला पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेणार कोण?

तर त्यासाठी हमाल आहेत. अगदी जिनातल्या हमालांसारखे. एफएबीपी-२ हे जनुक अशाच एका हमाल प्रथिनाचा नमुना आहे. जनुक आपल्या चौथ्या गुणसूत्रावर बसलेलं. प्रथिन अगदी लहान, सुमारे १३० मण्यांची माळ, पण घडी पडून तिचा शिंपल्यासारखा आकार होतो. त्या शिंपल्याच्या पोटात एक मेदाम्ल मावतं. ते पाण्यापासून झाकून ठेवायचं आणि कामाच्या जागी पोचतं करायचं, एवढंच काम. तिथे त्या तुकड्यांची पुन्हा जुळणी होऊन चरबी तयार होते, तिच्यावर प्रथिनाचं वेष्टण चढतं आणि कायलोमायक्रॉन नावाच्या गाठोड्यात बांधून ती बाहेर निघते. पण लगेच रक्तात जात नाही. आधी लसिकेच्या वाटेने छातीपर्यंत, आणि मग तिथून रक्तात. तेलकट जेवणानंतर काही तासांनी काढलेल्या रक्तातला वरचा द्रव दुधट दिसतो, तो या गाठोड्यांमुळे. चाळीस वर्षं रोज पोळ्या लाटल्या, पण घासापुढे एवढा प्रवास असतो हे मला आत्ता, चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. असो.

आता तो बदल काय? माळेतल्या ५४व्या जागी ऍलानिन नावाचा मणी असतो. काहींच्यात तिथे थ्रिओनिन असतो. जनुकाच्या लिपीत फक्त एक अक्षर बदललेलं. मराठीच्या बाईंना हे समजायला वेळ लागला नाही. दिन आणि दीन यांत एका वेलांटीचाच फरक, पण अर्थ पार बदलतो. या बदलाने हमालाची पकड घट्ट होते. तो मेदाम्लाला जवळजवळ दुप्पट जोराने धरतो. १९९५ साली अमेरिकेतल्या ऍरिझोनाच्या पिमा आदिवासींमध्ये हे प्रथम दिसलं. ज्यांच्याकडे हा बदल होता त्यांच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडत होता. पुढे २००५ साली चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्यासह काही संशोधकांनी दक्षिण भारतीयांत या बदलाचा आणि रक्तातल्या बिघडलेल्या चरबीचा संबंध दाखवला. म्हणजे रिपोर्टमधला लाल ठिपका अगदीच हवेतून आलेला नाही. हे मी मान्य करते.

पण तेल बघावं आणि तेलाची धारही बघावी. ही म्हण मी मुलांना अनेकदा शिकवली. अर्थ एवढाच की घाई करू नका, पुढे काय होतं ते नीट पाहा आणि मग मत बनवा.

तर धार बघू.

पहिली गोष्ट. पिमा लोकांत हा बदल दर दहा प्रतींमागे जवळपास तीन प्रतींत होता. म्हणजे जवळजवळ निम्म्या माणसांकडे निदान एक प्रत. जगातल्या बऱ्याच समाजांत प्रमाण याच्याच आसपास आहे. जी गोष्ट निम्म्या गावाकडे असते तिला रोग कसं म्हणायचं? ती तर माणसाची एक तऱ्हा झाली.

दुसरी. २००० साली शास्त्रज्ञांनी उंदरांमधून हे जनुक काढूनच टाकलं. हमालच नाही म्हटल्यावर चरबी आत जाणार नाही, उंदीर वाळतील, असं कुणालाही वाटेल. तसं काही झालं नाही. चरबी व्यवस्थित शोषली गेली, उलट नर उंदरांचं वजन वाढलं! याचा अर्थ त्या पेशीत दुसरेही हमाल आहेत. एक गैरहजर असला तर दुसरे काम ओढून नेतात. जिनातही तसंच असतं. एका हमालाच्या हाताची पकड पाहून मालकाच्या वर्षभराच्या नफ्यातोट्याचा अंदाज कुणी बांधत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. हेच पिमा लोक स्वतःला नदीची माणसं म्हणवतात. हिला नदीच्या पाण्यावर त्यांची शेती होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी ते पाणी वळवलं. शेती गेली, आणि ताटात सरकारी शिध्याचा मैदा, साखर, चरबी आली. त्यांचेच भाऊबंद सरहद्दीपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात मायकोबा भागात राहतात, शेतात राबतात, मका-घेवडा खातात. २००६ साली दोघांची तुलना छापून आली. मेक्सिकोतल्या पिमांत मधुमेह ६.९ टक्के, ऍरिझोनातल्या पिमांत ३८ टक्के! रक्त एकच, बियाणं एकच. आमच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. एकाच पिशवीतलं बी काळ्या जमिनीत टाकलं तर एक पीक आणि बरडावर टाकलं तर दुसरंच. बियाण्याला महत्त्व नाही असं कोण म्हणेल? पण नुसती पिशवी वाचून पिकाचा अंदाज सांगणाऱ्याला आम्ही शेतकरी म्हणत नाही.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर माझ्या विद्यार्थ्यावर अन्याय होईल. काही आजारांत जनुकच खरोखर निकाल लावतं. चरबीचं ते गाठोडं पेशीबाहेर पाठवायला सार-१बी नावाचं एक जनुक लागतं. त्याच्या दोन्ही प्रती नादुरुस्त असल्या तर गाठोडी पेशीतच अडकतात. २००३ साली याचा उलगडा झाला. अशा बाळाला हगवण लागते, वाढ खुंटते, अ आणि ई जीवनसत्त्वं कमी पडतात. त्याला खास आहार आणि डॉक्टरांची देखरेख लागतेच. पण असा आजार अत्यंत विरळ. तो आणि नातीच्या बाबांच्या रिपोर्टमधला ठिपका, दोघांना 'जनुकदोष' हे एकच नाव देणं म्हणजे मोतीबिंदू आणि चाळिशी एकाच मापाने मोजणं.

मग "एवढा सुकडा माणूस" याचं काय? त्याचं उत्तर आपल्या पुण्यातच मिळतं. के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ, आतून मेदाळ. आपल्यापैकी कितीतरी जण असेच.

आणि ही गोष्ट जन्मापासून सुरू होते. याज्ञिकांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपलं बाळ सगळ्याच बाबतीत लहान, पण त्वचेखालच्या चरबीत फारसं मागे नाही. स्नायू कमी, चरबी राखलेली. पुढे २००८ साली त्यांनी दाखवलं की गरोदरपणी आईमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर त्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा प्रभाव कमी पडताना दिसतो. म्हणजे वारसा फक्त जनुकातून येत नाही. आईच्या ताटातूनही येतो. आपल्याकडे ते ताट घरात सगळ्यांत शेवटी वाढलं जायचं, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. माझ्या सासूबाई आयुष्यभर उरलंसुरलं खात आल्या. यांचा जन्म १९४९चा. तेव्हा त्यांच्या पोटात काय गेलं असेल कोण जाणे.

आता ते हलकं वाटण्याबद्दल.

हे गेल्यापासून माझ्या मनात एक हिशोब चालू आहे. यांना गोळाभात फार आवडायचा, आणि वर फोडणीच्या तेलाची धार सढळ हवी. मी ती सोडत आले. एका काळात घरात डालड्याचा पिवळा डबा आला, तो कितीतरी वर्षं हटला नाही. चकल्या, शंकरपाळे, सगळं त्यातच. त्यात काय असतं ते तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. अशा तेला-तुपांतल्या घातक ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली ती २०२२ च्या जानेवारीत. यांना खर्ऱ्याची सवय होती. मी ओरडायचे, ते हसायचे. निवृत्तीनंतर शेतावर जाणंही सुटलं. आणि सगळ्यांत मोठी चूक म्हणजे रक्तदाब, साखर, चरबी यांतलं काही कधी तपासलंच नाही. का? तर बारीक माणसाला काय होतंय! हे मीच म्हणायचे. एकदा नाही, कितीदा.

म्हणून मुलाने "बाबांकडून आलं असेल ना" म्हटलं तेव्हा मला हलकं वाटलं. जनुक होतं, बाई. तुझी धार नाही, तुझा डबा नाही, तुझं ते वाक्य नाही. नशीबच तसं.

पण विद्यार्थ्याने वहीत दोन रेघा ओढून दाखवल्या आणि ती पळवाट बंद झाली. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईची, एक वडिलांची. मुलाच्या दोन्ही प्रतींत बदल आहे, म्हणजे त्यातली एक नक्की माझी. तो म्हणाला, "बाई, तुमच्याकडेही आहे की." आणि मी चौऱ्याहत्तर वर्षांची, साखर ठीक, रोज सकाळी फिरून येते, जवसाची चटणी खाते आणि तेलही खाते. एका म्हातारीवरून शास्त्र ठरत नाही, हे मला समजतं. माझं काही दुसरं दुखणं उद्या निघेलही. पण माझ्या मुलाने ज्याला बाबांचा वारसा मानलं, तो निम्मा माझा होता, आणि तो अंगात घेऊन मी इथे बसून लिहिते आहे, एवढं तरी खरं.

तर माझं मत असं. जनुकाच्या रिपोर्टची कुंडली करू नका. आमच्या पिढीने पत्रिका पाहून मुलींची लग्नं मोडली, मंगळाच्या नावाने कितीतरी जणींचं आयुष्य नासवलं. आता त्याच माणसांची शिकलेली नातवंडं लाल ठिपका पाहून नऊ वर्षांच्या पोरीचं तूप बंद करतात. दोन्हीकडे चूक एकच. कागदावर जे लिहिलं आहे ते जणू होऊनच गेलं, असं मानायचं. आणि याची दुसरी बाजूही तितकीच घातक आहे. ज्याचा ठिपका हिरवा आला तो उद्या वडापाव आणि खर्रा घेऊन खुशाल बसेल, "आमच्या रक्तात नाही" म्हणत. २०२३ साली आयसीएमआरच्या अभ्यासाने देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण असल्याचं सांगितलं. एवढे सगळे लोक काही एका वेलांटीने आजारी पडलेले नाहीत.

लेकराला तर स्निग्ध लागतंच. आईच्या दुधातली जवळजवळ निम्मी शक्ती चरबीतून येते. निसर्गाला काय एवढं कळत नव्हतं? अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं तेलातुपाशिवाय अंगी लागत नाहीत. आमच्या तालुक्यातल्या कोलाम पोडांवरची मुलं मी वर्गात शिकवली आहेत. त्यातल्या काहींच्या डब्यात नुसती कोरडी भाकरी असायची, कधी तीही नसायची. त्यांच्या केसांचा रंग आणि अंगाची काडी मला अजून आठवते. तेल नसलं म्हणजे काय होतं ते मी पाहिलेलं आहे. म्हणून ज्या घरात तेल आहे त्यांनी ते भीतीपोटी लेकराच्या ताटातून काढून घ्यावं, हे माझ्या पचनी पडत नाही. प्रमाण हवं. नाती, तुला रोज वेफर्सचं पाकीट मिळणार नाही. पण वरणभातावर चमचाभर तूप मिळालंच पाहिजे.

हे सगळं मी मुलाला फोनवर सांगितलं. तो ऐकून घेतो, पण मानतोच असं नाही. म्हणाला, "आई, मला भीती वाटते गं. बाबा गेले तेव्हा मी तीस वर्षांचा होतो. आता पंचेचाळीस होतील." मग कळलं की हा रिपोर्ट त्याने हौसेने मागवलेला नव्हता. मी म्हटलं, "भीती वाटते तर डॉक्टरकडे जा. रक्त तपासून घे, रक्तदाब बघ, कमरेला टेप लाव. बाबांनी जे केलं नाही तेवढंच तू कर. आणि तिला तूप दे." रक्ताची तपासणी केली असं परवा कळवलं. चरबी थोडी वाढलेली आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे. तुपाबद्दल सूनबाई अजून विचार करते आहे.

जाता जाता, हे वाचणाऱ्या आमच्या सगळ्या नातेवाइकांना एक विनंती. आपल्या घरातले जे सुकडे आहेत, ज्यांना "तुला काय होतंय" असं आपण म्हणतो, त्यांना या महिन्यात एकदा तपासायला घेऊन जा. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर असेल तर वजन कमी असलं तरी सोडू नका. थुंकीची नळी नंतर पाठवता येईल.

दिवाळीत नात येते आहे. गोळाभात करणार आहे. धार मीच सोडीन, जरा हात आखडून.